ललितभावजींच्या नावाचा गाळा

पर्वत पाटिया, सुरत
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. जयश्रीताईस,
सुषमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की सासूबाई ऐकतात, म्हणून कागद हाती घेतला. उत्तर गाळ्यावरच पाठव.

ललितभावजींसाठी स्थळ आलंय. रविवारी चलथाणहून मुलीकडचे येणार, मुलगीही सोबत. त्यांना गाळा दाखवायचाय, कारण साड्यांना लेस लावायचा हा माझा कारखाना भावजींचाच असं सांगून झालंय. मी चहा आणायचा आणि गप्प राहायचं, असं सासूबाईंनी बजावलं.

घरमालक बाईला गाळा देईना म्हणून करारावर दिराचं नाव घातलं, ते तुला ठाऊकच आहे. करार त्यांचा म्हणून विजेचं मीटर त्यांचं, मीटर त्यांचं म्हणून बँकेत नाव त्यांचं, आणि आता मार्केटातला काम देणारा शेठही त्यांनाच ओळखतो. एक टाका चुकला आणि सगळी शिवण वाकडी गेली. हे भावापुढे तोंड उघडत नाहीत. ताई, मला फार भीती वाटते. एकदा चारचौघांत ते मालक ठरले की मशीनवर बसायलाही मला विचारावं लागेल.

तुझ्या चार ओळींची वाट बघणारी,
सुषमा


बारडोली
६ फेब्रुवारी

चि. सौ. सुषमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता पोळी करपली, ती तुझ्या नावावर मांडली आहे. लहानपणी लाडवांच्या डब्याला कुलूप लावणारी तू, आणि कारखाना असा दुसऱ्याच्या हाती दिलास.

आमच्या यांनी चौकशी केली. करारावरचं नाव बदलायचं तरी भावजींचीच सही लागते. तेव्हा रविवारी मूग गिळून बस. स्थळ मोडलं तर खापर तुझ्याच डोक्यावर फुटेल. नवी नवरी घरात आली की भावजी नरमतील, मग बोलू. मलाही धडकी भरली आहे, पण तू जेवत जा.

लोभात उणं नाही, हे धरून चाल.
जयश्रीताई


पर्वत पाटिया
१० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

मूग गिळलेच होते गं. पण पाहुण्यांना बोलणं ऐकू येईना, म्हणून भावजींनी ऐटीत मशिनी बंद करायला सांगितल्या. कामावरच्या एकाही बाईने पेडलवरून पाय काढला नाही. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान हलवली तेव्हा मशिनी थांबल्या, आणि मी चहा पुढे केला.

मुलगी, गायत्री, कप विसळायच्या निमित्ताने माझ्यामागे मोरीत आली. ती घरी ब्लाउज शिवते. लग्नानंतर तेही काम इथेच आणू, आपल्या नावाखाली, असं भावजी तिला म्हणालेत. माझ्या कारखान्यावर त्यांचं नाव कसं लागलं, एवढंच तिने विचारलं. नळ सोडून मी सगळं सांगितलं. तिला या घरात ओढून मी सुटायचं, ते काही मला जमलं नाही.

संध्याकाळी नकार आला. कारण कळवलं नाही. मोरीत काय बोलणं झालं, हे भावजी पुन्हा पुन्हा विचारतात. साबण मागत होती, असं मी सांगते.

पोरगी सुटली, ताई. आता माझं काय ते तूच सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुषमा

ता. क. उत्तर गाळ्यावर पाठवू नकोस. सकाळी गेले तर दाराला नवं कुलूप होतं.