मारतात आणि हाकही मारतात

९ जानेवारी, लातूर
मुरुडची सभा दणक्यात. घसा बसला. घरी आलो तर नांदेडहून लेक संघमित्रा आलेली. पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा महिनाअखेर, खुली, सगळ्यांसमोर. शेवटची पाच मिनिटं मराठीत बोलणार आहे, आईला कळावं म्हणून. मजकूर मी लिहून देणार. आमच्या खानदानात पहिली! छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

११ जाने.
मजकूर वाचून दाखवला. ‘आपल्या कातडीत, घामात, लाळेत शरीर स्वतः प्रथिनांचे चिमुकले तुकडे, म्हणजे पेप्टाइड, घडवतं. ही शूर सेना जंतूंच्या भिंती फोडून शत्रूचा संहार करते!’ सभेत टाळी पडलीच असती. संघमित्रानं कागद ओढून घेतला.
“अप्पा, अर्धंच हाय हे. नुसतं मारत न्हाईत ते.”
“मग? चहा पाजतात?”
“पांढऱ्या पेशींना हाक मारतात. या, इथं जखम झालीय म्हणून. अन् पेशी लई खवळल्या तर त्यांना थंड बी करतात. माझं सगळं काम त्याच्यावर हाय, मारण्यावर न्हाई.”
मी म्हणालो, असल्या मवाळ बोलण्याला धार नसते. तिनं ‘संहार’वर काट मारली. माझ्या लेखणीवर काट! जेवलो नाही.

१२ जाने.
सकाळी ही पोहे देता देता म्हणाली, “त्यात काय एवढं? तुम्ही बी तेच करता की. माणसं गोळा करायची, पेटवायची, अन् कुणी दगड उचलायच्या आत खाली बसवायची.” सं. हसून लोळायची बाकी.
पुन्हा लिहायला बसलो. ‘ते जंतूंना मारतात आणि पेशींना हाकही मारतात.’ एकच क्रियापद, दोन्ही कामं. इतकी पुस्तकं वाचली, ही गंमत कधी दिसली नव्हती.
सं. म्हणाली, “आता झालं. आता एक शब्द बी हलवू नका.”

२० जाने.
फ्लेक्स छापून आला. २ तारखेला विहारात सत्कार. ‘डॉ. संघमित्रा’, अक्षरं हातभर. फोनवर ती ओरडली, “अप्पा, अजून परीक्षा व्हायचीय! डॉ. आत्ताच कशाला?”
“छापून ठेवलेलं बरं असतं.”
“तुमच्यापुढं हात टेकले.”

३० जाने., नांदेड
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकाच ठिकाणी धरलं: तोच रेणू कधी पेशींना भडकवतो, कधी निववतो, हे ठरतं कशावर? सं.नं सांगितलं, तो किती आहे, भोवती जंतूंचे कुठले तुकडे आहेत, समोर पेशी कुठली आहे, यावर. “पण माझे प्रयोग निरोगी माणसांच्या पेशींवर आहेत. आजारी शरीरात काय होतं, मला माहीत नाही.” आवाज जराही हलला नाही. मी आयुष्यभर व्यासपीठावर उभा आहे; असं उभं राहणं मी पाहिलेलं नाही.
मराठीतली पाच मिनिटं झाली. हिनं पदर डोळ्याला लावला.
मग निकाल. मधुमेहींच्या पेशींवर तेच प्रयोग करा, मग पदवी. मी भांडायला उठलो. सं.नं नुसतं पाहिलं. बसलो.

३१ जाने., लातूर
फ्लेक्सवरच्या ‘डॉ.’वर पांढरा कागद चिकटवला. सत्कार रद्द करू म्हणालो. “कशाला? बोलते की मी,” सं. म्हणाली.

२ फेब्रुवारी, लातूर
विहार भरलेला. सं. बोलली, साधं, सरळ. पुढं बसलेल्या एक मावशी उठल्या, पायाला पट्टी. “बाई, साखर हाय मला. ही जखम कैक महिने झाले भरंना. माझे ते हाक मारणारे कुठं गेले?”
सभागृह हसलं. सं. हसली नाही. “तेच शोधतेय मी, मावशी. उत्तर न्हाई अजून. डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका. अन् पुढं थोडं रक्त द्याल का तपासायला?”
“पुढं कशाला? घे की आत्ताच,” म्हणत त्यांनी बाही दंडापर्यंत सारली.
“असं घेता येत न्हाई. माणसाचं रक्त घ्यायचं तर विद्यापीठाच्या समितीची परवानगी यायला पाहिजे आधी.”
“कधी येती?”
“सांगता येत न्हाई.”
माझं भाषण राहूनच गेलं, कुणी विचारलंही नाही. सं. खाली उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मावशी मात्र बाही खाली करीनात.