रंग सावळा

५ फेब्रुवारी, सोमवार

चार ओळी! बावीस लिहिल्या होत्या. अठरा मीच कापल्या.

ऑफिसात फरशी पुसायला येणाऱ्या मावशींची मुलगी शनिवारपासून घरी आलेली नाही. सतरा वर्षांची. शिवणाच्या क्लासला म्हणून निघाली, ती परत आलीच नाही. आणि आम्ही पेपरवाले! एका वास्तुविशारदांची मुलगी गुरुवारपासून सापडत नाही, तर ती रोज पहिल्या पानावर. आज तिच्या कुत्र्याचा फोटो. दोन कॉलम. कुत्र्याने जेवण सोडलंय म्हणे.

मुख्य उपसंपादकांना आम्ही पाठीमागे 'कात्री' म्हणतो. कात्री म्हणाले, "गेली असेल कुणाचा तरी हात धरून. पुलापलीकडच्यांत चालायचंच ते." मग माझ्याकडे लक्ष गेलं. "तुझं नाही गं म्हणत. तू तशी वाटत नाहीस."

मी पुलापलीकडच्या वस्तीतलीच, मावशींसारखी. आमच्या घरातली पहिली पदवीधर! समता या विषयावर वक्तृत्वाची तीन बक्षिसं आहेत माझ्याकडे. आणि मी काय केलं? हसले.

अजून एक लिहून ठेवते, नाहीतर उद्या सोयीने विसरेन. वास्तुविशारदांच्या मुलीसाठी आमचा शब्द 'बेपत्ता'. मावशींच्या मुलीसाठी 'घरातून निघून गेली'. तो शब्दही मीच बदलला.

६ फेब्रुवारी, मंगळवार

मावशी पुसायला आल्या की सगळे खुर्चीतच पाय वर घेतात, मान न वळवता. आजही घेतले. मीही.

"ताई, फोटो नाही आला तिचा?"

"जागा नव्हती, मावशी."

फरशी वाळेपर्यंत कुणी घसरू नये म्हणून त्यांनी कालचे अंक पसरले होते. कुत्रा वरच्या बाजूला होता.

७ फेब्रुवारी, बुधवार

मावशींच्या मुलीचा फोटो घेऊन कात्रींकडे गेले. क्लासच्या ओळखपत्रासाठी काढलेला, त्याचीच जादा प्रत. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. "छपाईत नुसता डाग उमटेल. वाचकाला चेहरा तर दिसायला हवा ना!"

पानं लावणारे काका पलीकडून पुटपुटले, "दिव्याखाली अंधार." ऐकू गेलं असतं तर त्यांच्यावरही कात्री चालली असती.

घरी जेवताना समोर भिंतीवर माझाच फोटो. पदवीचा, मोठा करून लावलेला. स्टुडिओवाल्याने न विचारताच मला दुधात बुडवून काढलं होतं. दादाची मुलगी लहान असताना विचारायची, "आत्या, ही कोण?" बाबा मात्र येईल त्याला दाखवतात. जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस. म्हणतात, "शिकलेल्या माणसाचा चेहरा उजळतोच!"

उजळतो. हो की. काकांच्या कॉम्प्युटरवर काय होत नाही?

८ फेब्रुवारी, गुरुवार

केलं!

काका चहाला गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसले. आधी फोटो थोडासाच उजळला, छपाईपुरता. मग अजून थोडं. मग गाल, कपाळ, मान — मान राहिली तर उघडं पडतं. दहा मिनिटांत दुसरीच मुलगी झाली. गोड.

कात्री म्हणाले, "अरे! चांगली दिसतेय की पोरगी! आधी का नाही आणलास हा फोटो?" तिसरं पान, दोन कॉलम, वीस ओळी. शब्द 'बेपत्ता'. मी भांडून घेतला!

वर्णनात 'उंची पाच फूट, बांधा सडपातळ, रंग सावळा' असं होतं. कात्रींनी बोट ठेवलं. "फोटोशी जुळत नाही हे. काढ." दोनच तर शब्द. काढले.

घरी उड्या मारत आले. आईने विचारलं, पगार वाढला का गं?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशींनी अंक हातात घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. मग घडी घालून पदराआड ठेवला. "छान छापलंय, ताई." एवढंच.

अकरा फोन आले. सगळे मीच घेतले. अकराही जणांना गोरी मुलगी दिसली होती.

१० फेब्रुवारी, शनिवार

वास्तुविशारदांची मुलगी सापडली. आईवडिलांशी भांडून मैत्रिणीच्या बंगल्यावर जाऊन राहिली होती. म्हणजे पळूनच गेली होती! मथळा मात्र 'सुखरूप परतली'. ऑफिसात केक कापला. खाली सांडलेलं मावशींनी पुसलं.

मी केक खाल्ला. खरं लिहायचं तर दोन तुकडे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सापडली. जिवंत आहे.

सगळं लिहायचं.

सरकारी दवाखाना, बायकांचा वॉर्ड, दाराजवळची खाट. शनिवारी, म्हणजे तीन तारखेलाच, शहराबाहेरच्या रस्त्यावर कुठल्याशा गाडीने उडवलं. पोलीस चौकी दुसरी, म्हणून एका चौकीचा कागद दुसरीला पोचलाच नाही. खाटेला पाटी — 'अनोळखी'. काल मावशी एकेक दवाखाना करत, एकेक वॉर्ड फिरत तिथे पोचल्या. हातात क्लासचं ओळखपत्र. परिचारिकेने ते बघितलं आणि हात धरून थेट खाटेपाशी नेलं.

आज मी गेले. परिचारिका माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. मी पेपरातून आलेय कळल्यावर म्हणाली, "तुमचा अंक येतो ना आमच्याकडे! शुक्रवारी हिला शुद्ध आली. जबडा बांधलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. मी तिथे बसून पेपर चाळत होते. ही डाव्या हाताने फोटो दाखवायची, मग स्वतःकडे बोट. पुन्हा फोटो, पुन्हा स्वतः. मी म्हटलं, अगं बाई, ती गोरी मुलगी आहे. डोक्याला मार लागलाय, भ्रमात असेल, असं वाटलं आम्हाला. इंजेक्शन देऊन झोपवलं."

झोपवलं.

तीन दिवस! आपलं नाव, आपला फोटो समोर, आणि कुणी मानायला तयार नाही. ते दोन शब्द असते तर? फोटो होता तसा काळपट छापला असता तर? निदान माझ्या चार ओळींनी तिला खोटं पाडलं नव्हतं.

बाहेर येऊन मावशींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कळलं होतं ताई, त्याच दिवशी. तुम्ही एवढ्या आनंदात होता, म्हणून नाही बोलले. पेपर दाखवत फिरून काय उपयोग होता? ती आमची नव्हतीच."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उजळ माथ्याने म्हणतात ना — हा शब्दही आता टोचतो.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

कात्रींना सांगितलं. "हेतू चांगला होता ना? मग झालं! आईने लेक शोधून काढली, फर्स्टक्लास बातमी आहे. फोटो तोच टाकू, वाचकांच्या ओळखीचा झालाय."

"नाही," म्हटलं. आवाज चिरकला, पण म्हटलं. "ओळखपत्रावरचा टाकायचा, नाहीतर बातमी दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा. आणि मी पुलापलीकडची आहे, सर. तशीच वाटते."

कात्रींनी चष्मा पुसला. फोटो गेला — आठव्या पानावर, एक कॉलम. चुकीबद्दल दिलगिरीची एक ओळ मागितली होती. ती नाही मिळाली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

तिच्यासाठी कालचा अंक घेऊन गेले. तिने खरा फोटो पाहिला, अंक उलटा करून ठेवला. उशाखाली शुक्रवारचं कात्रण होतं, घडीवर विरलेलं. मावशींनी लिहायची पाटी धरली, तिने डाव्या हाताने सावकाश लिहिलं. मी तयार होते. 'असं का केलंत?' — यापलीकडे ती काय लिहिणार होती!

तिने लिहिलं, 'ताई, तो गोरा फोटो मोठा करून द्याल? घरी भिंतीवर लावायला.'