वाळा समाधानी आहे

३ जुलै
कुंडी बदलताना साप सापडला. म्हणजे कुंडी बायको बदलत होती, मी मार्गदर्शन करत होतो. बुटाच्या लेसएवढा, काळपट, चकचकीत. तिला वाटलं गांडूळ. मी तत्काळ ओळखलं (फोनवर शोधून): वाळा. बिनविषारी, मातीखाली राहणारा, जवळजवळ आंधळा. निवृत्त माणसाला संशोधनाचा विषय हवाच होता. माशांची काचपेटी रिकामी आहे. (मासे का गेले, हा विषय संपलेला आहे.) सापाला पेटीत टाकायचं किरकोळ काम बायकोने चमच्याने केलं. मी पेटी धरली होती. घट्ट.

४ जुलै
नैसर्गिक अधिवास तयार. ओलसर माती, कुजका पाला, खायला मुंग्यांची अंडी. मुंग्याही आल्या, त्या आता डब्यांत आहेत. पेटी जेवणाच्या टेबलावर, कारण उजेड तिथेच चांगला. तळाला नळीचं भोक होतं, त्यात कागदाचा बोळा कोंबला. अभेद्य.
या जातीत नर नसतातच, असं बायकोला वाचून दाखवलं. तरीच इतकी शांत, म्हणाली.

७ जुलै
बायको बहिणीकडे गेली. टेबल रिकामं झालं की कळवा, म्हणाली. खरं कारण भीती. दोन दिवसांत येईल.

१२ जुलै
आलेली नाही. वाळा मात्र रमलाय. अजिबात दिसत नाही, हेच त्याच्या सुखाचं लक्षण. मी ओट्यापाशी उभ्याने जेवतो. पचनाला उत्तम.

१५ जुलै
बायकोला फोन केला. मेहुणीने उचलला. ताई झोपलीय म्हणाली. मागून ताईचं हसणं ऐकू येत होतं. झोपेत हसते हे नवीनच.
निरीक्षण: हालचाल नाही. समाधानी.

१९ जुलै, रविवार
घरी माझं व्याख्यान. बिल्डिंगमधले सातजण. रंगात आलो होतो, तर शेजारचे वकील म्हणाले, साप दाखवा. लाजाळू आहे, म्हणालो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी मला न विचारता माती पेपरवर ओतली आणि चाळली. मुंग्या आणि कागदाचा लगदा. पहिल्याच दिवशी निसटला असेल, म्हणाल्या. घरातच कुठेतरी ओलाव्याला असेल, निरुपद्रवी असतो, घाबरू नका. हे मलाच सांगत होत्या.
मंडळी चहा न घेता उठली. एकेकाला कामं असतात.

२० जुलै
बायकोला कळवलं: संशोधन पूर्ण, साप निसर्गात सोडला, टेबल पुसलं. खूश झाली. उद्या येते. यात खोटं काही नाही. घर काय निसर्गाबाहेर असतं?
सध्या घरात बूट घालून वावरतोय. टाचांना आराम.

२१ जुलै
बायको आली. टेबल पुन्हा पुसलं. मग न्हाणीघरात गेली आणि तिथूनच, अहो, जरा या, म्हणाली. जाळीपाशी वाळा. हाच ना तुम्ही सोडलेला, तिने विचारलं. वाट शोधत परत आला असेल, लळा लागला होता, असं मी सांगितलं. तिने तो सुपलीत घेतला, खाली बागेत जाऊन झाडाच्या बुंध्याशी सोडला, हात धुतले.
मी तोवर न्हाणीघरातल्या स्टुलावर. वरून निरीक्षण नीट होतं.
गेला तो, उतरा आता, म्हणाली.
म्हटलं, तू हो पुढे, माझं अजून थोडं बाकी आहे.