बुधवारचा खेळ

प्रिय लोरेन,

बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं की घरीच, हे मी ठरवावं असं तू फोनवर म्हणालीस. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

आपलं रीगल थेटर ऑक्टोबरात बंद झालं. तिथे म्हणे पब होणार. गुरांचा बाजार उठून सुपरमार्केट आलं, तेव्हाही बाबा एवढे खचले नव्हते. जन्मभर बाजारात गुरं हाकलेल्या माणसाचा बाजार गेला, तरी बाजारानंतरचा बुधवारचा खेळ शिल्लक होता. मध्यंतरात ट्रेवर चहा यायचा, शेजारी त्यांच्याच वयाचे दोघे-तिघे असायचे. सिनेमात काय झालं ते त्यांना आठवत नसे, पण परतताना चेहरा निवळलेला असे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. खेळ संपला की बाबा टोपी काढून ताठ उभे राहायचे. पूर्वी शेवटी राणीच्या नावाचं राष्ट्रगीत वाजायचं, त्याची वाट बघत. ती पद्धत कधीच गेली, पण गीत झाल्याशिवाय निघणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. मागची पोरं ओरडायची, "आजोबा, बसा खाली, राणी चहाला गेलीय!" तिकीटवाल्या मिसेस पिकरिल त्या पोरांना झापायच्या, "दात काढू नका रे, तुमच्यापैकी कुणाला दोन मिनिटं सरळ उभं राहता येतं का?" मग त्यांनीच कुठून तरी जुनी तबकडी मिळवली. दर बुधवारी, सगळे गेल्यावर, रिकाम्या थेटरात एका माणसासाठी राष्ट्रगीत वाजायचं. ते झालं की बाबा टोपी घालून माझ्याबरोबर निमूट निघायचे.

आता ते घरी टीव्हीसमोर उभे राहतात. कार्यक्रम संपला की उभे. पाय सुजतात, तरी बसत नाहीत. एकदा मीच गाऊन पाहिलं, तर दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, गप्प उभे राहा, लोक बघतायत." मला ते 'अहो' म्हणाले, हे तेव्हा मी मनावर घेतलं नाही.

गेल्या बुधवारी मी गिरणीत कामावर असताना ते एकटेच रीगलला गेले. दाराला फळ्या ठोकल्या आहेत. त्या फळ्यांसमोर, टोपी हातात धरून, पावसात उभे होते. समोरच्या डॉब्सन खाटकानं दुकानात बोलावलं, तर म्हणाले, "थांब की, अजून संपलं नाही." शेवटी त्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच घरी आणलं. छातीत कफ भरला आहे. नर्स म्हणते, यापुढे त्यांना एकटं ठेवायचं नाही. म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्रही बंद पडलं आहे, आणि गिरणी सोडली तर आम्ही खाणार काय? म्हणून चर्चमागच्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी सोमवारपासून खोली घेतली आहे. ठरवलं मीच.

काल पलंगाशी बसून त्यांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझा हात थोपटला आणि म्हणाले, "तुम्ही भले गृहस्थ दिसता. पण हे मला नका सांगू. माझा नेव्हिल येईलच कामावरून, त्याला विचारा. तो मला कुठे पाठवायचा नाही." परवा फोनवर तुझा आवाज मात्र त्यांनी लगेच ओळखला होता. लोरेन, रविवारी ये. नेव्हिलनंच हे ठरवलं आहे, असं त्यांना ओळखीच्या माणसानं सांगायला हवं.

तुझा भाऊ,
नेव्हिल