जुन्या वर्कस्टेशनचा चष्मा

२ तारीख, सोमवार
दुरुस्ती : शुक्रवारी लिहिलं की चष्मा चालू झाला. चूक. चष्म्यावरचा दिवा लागला, एवढंच.
काम तसं सोपं आहे. गेम खेळायचा स्वस्त चष्मा, डावा-उजवा डोळा आळीपाळीने झाकणारा. तो लॅबच्या जुन्या वर्कस्टेशनला जोडला की माझं कानाच्या हाडांचं मॉडेल पडद्याबाहेर उभं राहील. सर म्हणाले, वीस तारखेच्या आत दाखव, नाहीतर मशीन भंगारात. मॉडेल फक्त त्याच मशीनवर चालतं. दीड वर्षाचं काम.
बुधवारपर्यंत नक्की.

४, बुधवार
नवी वायर सोल्डर केली. बोट भाजलं. मॉडेल चपटंच. वायरचा दोष.

९, सोमवार
टेक्निशियन काकांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. हाड नाकावर येतंय म्हणून मान मागे घेऊन ओरडले. चेष्टेखोर माणूस. माझं मन राखायला बोलतात. मला चपटंच दिसतं.
पुन्हा पहिल्यापासून.

१३, शुक्रवार
तीन वायरी, दोन मॉनिटर, दुसरं बोट. सरांनी विचारलं, जमलं का? अजून नाही, म्हटलं. काका मध्येच म्हणाले, केव्हाच जमलंय, ही पोरगी उगाच जिवाला घोर लावून घेते. सरांनी चष्मा मागितला. अर्धवट काम दाखवणं बरं नव्हे, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. सरांनी भंगाराच्या कागदावर सही केली.
निदान मी खोटं बोलले नाही.

१७, मंगळवार
आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून आईला सोपं करून सांगितलं : दोन डोळ्यांची दोन चित्रं मेंदू एक करतो, तेव्हा वस्तू उठून दिसते. आई भांडी घासता घासता म्हणाली, पण तुझा डावा डोळा आळशी ना गं? चौथ्या वर्षी डॉक्टरांनी पट्टी दिली होती. तू ती बाहुलीला बांधलीस.
वहीतली ९ तारखेची नोंद पुन्हा वाचली.

१९, गुरुवार
काकांची माफी मागितली. ते हसले नाहीत, म्हणून जास्तच लागलं. म्हणाले, आत्ताच्या आत्ता सरांकडे जा बाई, उद्या दुपारी गाडी येतेय मशीन न्यायला.
पण नुसत्या आईच्या आठवणीवर सरांना काय सांगायचं? लेखी काहीतरी हवं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उद्या संध्याकाळी सहाची वेळ दिली आहे. भंगाराच्या गाड्या कधी वेळेवर येतात?
शनिवारी, २१ तारखेला, सकाळी बरोबर दहा वाजता, रिपोर्ट हातात घेऊन सरांना सगळं सांगणार.