चौथा पेला

प्रिय बाबा,

काल फोनवर तुम्ही इतके खुशीत होतात की मी नुसतं ‘हो ना, हो ना’ करत राहिले. ज्या खोऱ्याचं नाव इथे कुणाला धड घेता येत नाही, तिथल्या वाइनला, आपल्या पिनो न्वारला स्पर्धेत पहिला नंबर! “नकटीनं आपलं नाक राखलं,” असं तुम्ही आईला ओरडून सांगितलंत, तेही ऐकलं.

मी परीक्षक मंडळाच्या प्रमुखांना आधीच सांगितलं होतं, यात माझ्या वडिलांची बाटली आहे, मला परीक्षक नेमू नका. ते हसले. म्हणाले, बाटल्या पिशव्यांत झाकलेल्या असतात, आणि तुमच्या खोऱ्याची चव जाणणारी दुसरी आहे कोण? मग मी बसले. टेबलावर पांढरा कागद, समोर सहा पेले. तुम्ही शिकवलंत तसंच केलं: पेला तिरपा धरून आधी रंग, मग वास, मग घोट, आणि लगेच थुंकायचं. गिळलीस की न्याय बुडाला, म्हणायचात ना? पहिली पाणचट निघाली, दुसरीत नुसतं लाकूड. तिसरी छान होती, आंबट चेरीसारखी तरतरीत, पण परकी. तिला योग्य ते गुण दिले. चौथा पेला नाकाशी नेला आणि मी थेट आपल्या तळघरात पोचले. ओली माती, धूर, तुम्ही वाइनची लाकडी पिंपं धूत असताना मी ज्या पायरीवर बसायचे तिथला गारवा. आपलीच! आणि सगळ्यांत सरस. पण उद्या कुणी म्हणेल, बापाला लेकीनं निवडलं. त्या धास्तीनं मी तिचे दोन गुण कापले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं. नाकानं कांदे सोलायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे.

मग पिशव्या निघाल्या. आपली तिसरी होती. चौथी पलीकडच्या मळ्यातल्या काकूंची.

तेव्हा आठवलं, तुम्ही नवी पिंपं आणलीत आणि जुनी काकूंना देऊन टाकलीत. काका गेल्यावर मळा विकायला निघालेल्या काकूंना तुम्हीच म्हणालात, “वहिनी, एक वर्ष करून तर बघा.” त्यांनी केलं, बाबा. आणि मी ओळखलं ते आपलं लाकूड, आपली वाइन नव्हे. दोघींत अंतर पडलं ते एकाच गुणाचं. काकू कुंपणापाशी येऊन तुमचं तोंड भरून कौतुक करून गेल्या, असंही तुम्ही काल सांगितलंत.

आज सकाळी प्रमुखांना सगळं सांगितलं. मी कापलेले दोन गुण परत धरून ते पुन्हा बेरीज करतील, आणि पहिला नंबर काकूंकडे जाईल. नवा निकाल पुढच्या आठवड्यात लागेल. तो परक्याकडून तुमच्या कानावर पडू नये, म्हणून हे लिहिलं. प्रशस्तिपत्र भिंतीवर लावू नका. शनिवारी येते. आधी काकूंकडे जाईन, मग घरी. रागवा, बोलू नका, सगळं चालेल. फक्त दोन पेले भरून ठेवा, कुठला कुणाचा ते न सांगता. आपली कुठली, ते मला पुन्हा पहिल्यापासून शिकवा.

तुमचीच,
नकटी