खटक्याचे जोड

लाइपझिग, २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू तिकडे गुडघ्याला मालिश करून घेत आरामात लोळते आहेस आणि मी तुझ्या बागेत घाम गाळतोय. शनिवारी बाग भाड्याने देणाऱ्या मंडळाची पाहणी. अध्यक्ष त्सेलरसाहेब टेप घेऊन येणार, नियमाप्रमाणे एक तृतीयांश जागेत भाज्या आहेत की नाही ते मोजणार. तुझ्या हातून बाग होत नाही असं दिसलं, की ती दुसऱ्याला द्यायला मोकळे.

आणि पाण्याच्या नळीचे तुझे ते खटक्याचे प्लास्टिकचे जोड! फवारा काढला की पाणी आपोआप थांबतं म्हणालीस. थांबलं की, थेट माझ्या चष्म्यावर! शेजारच्या लेमकेबाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळे जोड उपटले आणि बाबांचे पितळी, आट्यांचे जोड पान्याने असे आवळलेत की जन्मात हलायचे नाहीत. आळशी लोकांची खेळणी मेली!

कळावे, लोभ असावा, टॉवेलही असावा.
डिटमार

बाड एल्स्टर, ४ जून

चि. डिटमारास,
अ. उ. आशीर्वाद. अक्कल यावी म्हणून एक जास्तीचा.

अरे शहाण्या, पाणी अडवणारा जोड नळीच्या फवाऱ्याकडच्या टोकाला लावतात. तू तो नळाकडे लावलास! चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलीस ना? गाड्या अजून धावतायत हे नवलच.

आता ऐक, आणि बोभाटा करू नकोस. गुडघा ठणठणीत आहे. मार्चमध्ये मला अर्धांगाचा झटका आला. उजव्या हाताने साधी बरणी उघडत नाही. खटक्याचे जोड डाव्या हाताने बसतात, म्हणून आणले. तुझे आटे मी कशी फिरवू? शनिवारी मी येते आहे, आणि त्सेलर मला पाणी घालताना बघणारच. बाग गेली तर मी करू काय दिवसभर? भीती वाटते रे.

माया आहे तशीच आहे, तुझे पराक्रम धरून.
तुझी ताई, रोझविटा

लाइपझिग, ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मार्चमध्ये सांगायला तोंड नव्हतं का? फार रागावलोय मी तुझ्यावर.

पितळी जोड काढायला अडीच तास लागले. लेमकेबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. आता सगळीकडे तुझीच खेळणी आहेत, अडवणारा जोड फवाऱ्याकडेच.

मग उजवा हात खिशात घातला आणि नुसत्या डाव्या हाताने लावून पाहिलं. आठ वेळा निसटलं. नवव्या वेळी खट् वाजलं आणि मी तिथेच मुळ्याच्या वाफ्यात बसून रडलो.

शनिवारी तू नळापाशी गेलीस की मी त्सेलरला बीट मोजायला नेईन, आणि मुद्दाम चुकीचं मोजेन. तू आठ वेळा चुकेपर्यंत तो माझ्याशी भांडत असेल.

लोभ आहेच, आता वाढवायला जागा नाही.
डिटमार